खालून एक ठोका

इस्त्रीवर थेंब पडला आणि चुर्र झालं. दुसरा पडला तो पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर, आणि तिथे बघता बघता गंजाच्या रंगाचा डाग पसरला. घड्याळात सव्वासहा. मी इस्त्री उभी केली, मान वर केली आणि छताला शिवी दिली. छताला म्हणजे अर्थात दादाला. आम्हा भावाबहिणीच्या मधे गेली सहा वर्षं तेवढं एक छतच उरलं आहे, त्यामुळे त्याला काही बोलायचं झालं की मी मान वर करते. कोपऱ्यात, जिथून लोखंडी पाइप छतातून खाली उतरतो, तिथे रंगाचा पापुद्रा सुटून लोंबत होता आणि त्याच्याभोवती डाग होता. महिन्यापूर्वी तो बशीएवढा होता, आता परातीएवढा झाला होता, कडेला पिवळी रेघ. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दिवसाला साठ-सत्तर माणसांच्या आतले डाग बघते आणि मग डबा उघडून जेवते, तेव्हा डागांचं मला एरवी काही वाटत नाही. पण हा डाग माझ्या डोक्यावर होता, आणि तो करणारा माणूस वर आरामात चहा पीत बसला असणार या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरा कोट दोरीवर अजून ओला होता. मी इस्त्रीची वायर अशी हिसडली की प्लग भिंतीतल्या डबीसकट बाहेर आला.

पाणी दिवसभर गळत नव्हतं, हीच त्यातली डोकं फिरवणारी गोष्ट. सहाला सुरू व्हायचं, पावणेसातला थांबायचं, नेमकं माझ्या घाईच्या वेळी. फुटका पाइप काही घड्याळ बघून गळत नाही. मग हा मुद्दाम करतो का, असं मनात यायचं, आणि आलं की मी ते हाकलायची नाही, उलट त्याला खुर्ची द्यायची. पहिली चिठ्ठी मी महिन्यापूर्वी जिन्याखालच्या त्याच्या टपालपेटीत टाकली होती. 'आपल्या बाथरूममधून आमच्याकडे पाणी गळते. कृपया दुरुस्ती करावी.' सख्ख्या भावाला 'आपल्या' आणि 'कृपया' लिहिताना मला जे समाधान झालं ते लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी माझ्या पेटीत परत, मागच्या बाजूला एकच शब्द. 'बघतो.' हा दादाचा लहानपणापासूनचा शब्द. सायकलची चेन बसवून देशील का? बघतो. माझ्या शाळेत येऊन बाईंना भेटशील का? बघतो. बघण्याचं काम त्याने आयुष्यभर मन लावून केलं, करायचं तेवढं राहून गेलं. लग्नाचंही तो बघतोच म्हणत होता, आता पन्नाशी उलटली. दुसऱ्या चिठ्ठीत मी 'कृपया' गाळलं. उत्तर आलं, 'बघतोय.' महिनाभरात एवढी प्रगती.

माझं हे स्वयंपाकघर म्हणजे बाबांची डार्करूम. खाली बाबांचा फोटो स्टुडिओ होता आणि वर आम्ही राहत होतो. बाबा गेल्यावर वाटणी सोपी झाली, वर आई आणि दादा, खाली मी. फोटो धुवायला पाणी लागायचं, आणि पाण्यासारखी हट्टी गोष्ट या घरात दुसरी नव्हती. पाइपात हवा भरून राहायची. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी वरच्या बाथरूमपर्यंत यायचं आणि तिथेच अडायचं, खाली उतरायचं नाव नाही. बाबांनी त्यावर उपाय काढला. सहा वाजता वर आईने नळ उघडून बसायचं, म्हणजे हवा तिथून निघून जाते आणि पाणी खाली सरकतं. खाली माझ्या सिंकमधे धार लागली की मी पाइपावर चमच्याने एक ठोका द्यायचा. एक ठोका म्हणजे आलं, बंद कर. मग वरून आई दोन ठोके द्यायची. दोन म्हणजे वर ये, दूध तापलंय. नियम कडक होता. खालून ठोका आल्याशिवाय आईने नळाला हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा हवा भरते आणि सगळं पहिल्यापासून. हे काम दादाला एकदाच दिलं होतं, तो नळाशी मासिक वाचत बसला आणि अर्धं घर धुऊन निघालं. अंधारात मला बरोबर सगळं सापडायचं म्हणून बाबा मला मनी म्हणायचे, मांजरासारखी. लाल दिवा, औषधाचा आंबट वास, मानेवर बाबांचा श्वास, आणि ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू उमटणारे कुणा अनोळखी बाईचे डोळे. पुढे नवा पंप बसला, हवेची भानगड मिटली, ठोके बंद झाले. त्याला वीस-बावीस वर्षं झाली. पाइप तोच आहे, रंगाचे थर चढून मनगटाएवढा जाड झालेला.

त्या दिवशी डाग पडलेलाच कोट घालून मी कामावर गेले. आमचा विभाग तळघरात आहे, तिथे सकाळ-दुपार सगळं सारखंच. काचेमागे उभी राहून मी मनातल्या मनात तिसरी चिठ्ठी लिहीत होते. समोर एक वयस्क गृहस्थ, शर्ट काढून, छाती प्लेटला टेकवून, हनुवटी वर करून उभे. "श्वास घ्या. धरून ठेवा," मी म्हणाले, बटण दाबलं, आणि शेवटच्या ओळीत 'निष्काळजीपणा' लिहावं की 'हलगर्जीपणा', यावर अडले. हलगर्जीपणा जास्त झोंबेल असं वाटलं. मग खोलीत काहीतरी चुकतंय असं जाणवलं. गृहस्थ तसेच उभे होते. कान लालभडक झालेले, खांदे थरथरत होते. "अहो, सोडा ना श्वास," मी ओरडले. ते खोकत खोकत स्टुलावर बसले. धाप ओसरल्यावर म्हणाले, "तुम्ही सोडा म्हणाला नाहीत." तक्रार अशी नव्हती त्यात, नुसता खुलासा. मला त्यांचाही राग आला. माणसाला स्वतःची अक्कल नको का, कुणीतरी सांगेपर्यंत काय म्हणून धरून बसायचं? चूक माझी होती, तरी मीच त्यांना दोन शब्द सुनावले, आणि ते शर्टाची बटणं खालीवर लावत "बरोबर आहे तुमचं" म्हणत निघून गेले.

सहा वर्षांपूर्वी याच तळघरात, याच स्टुलावर मी बसले होते. दुपारची वेळ. माझ्याबरोबर काम करणारी वॉर्डातून एका रोग्याचा पलंगावरच घेतलेला एक्स-रे घेऊन आली आणि मी फिल्म धुतली. तेव्हा आमच्याकडे अजून फिल्म धुवायची पद्धत होती आणि ते काम हट्टाने माझ्याकडेच असायचं. ओली फिल्म मी दिव्यासमोर धरली. हृदय फुगून छातीभर पसरलेलं. "याचं काही खरं नाही," मी म्हणाले आणि फिल्म वाळत टाकली. कोपऱ्यातली नावाची पट्टी मी वाचली नाही. रोज साठ-सत्तर पट्ट्या, कुणी वाचत नाही. चार वाजता वॉर्डातली नर्स खाली आली आणि विचारायला लागली, अहो, आडनाव तेच आहे, हे तुमच्यापैकी का? तोवर बाबा गेले होते. दादा सकाळपासून वर बसून होता, माझ्या डोक्यावर तीन मजले. जिन्याने आला असता तरी दोन मिनिटं. "बाबाच म्हणाले, मनीला सांगू नका, ती कामात असेल," दादा म्हणाला. "म्हटलं, संध्याकाळी सांगू. बघू कसं होतंय." बघू. मी तिथेच, वॉर्डाच्या दारात, चारचौघांत त्याला वाटेल ते बोलले. आणि आई, पदराने डोळेही न पुसता, म्हणाली, "त्याने केलं ते बरोबरच केलं. तू असंच आकांडतांडव केलं असतंस." तिसऱ्या दिवशी मी माझं सामान खाली आणलं आणि जाहीर केलं की या जिन्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही. फिल्मचं मी कुणालाच सांगितलं नाही, आजपर्यंत.

आई मात्र यायची खाली. गुडघ्यांवर हात ठेवत, एकेक पायरी मोजत. झाकलेली ताटली ओट्यावर ठेवायची, दादाची अवाक्षरानेही बाजू घ्यायची नाही आणि माझीही नाही, आणि माझ्या भांड्यांची मांडणी बदलून जायची. मी तिच्याशी तुटक बोलायची. ती आपल्या मुलाकडे राहते, आपल्या मुलाचं ऐकते, तर मग माझ्याकडे भांडी लावायला तरी कशाला येते, असं मला वाटायचं, आणि ती आली नाही की दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं, त्याचाही राग यायचा. शेवटची आली त्याला दीड वर्ष झालं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, तरी ती बाहेरच उभी राहिली. टकटक केलं आणि थांबली. "ये की," मी म्हणाले. ती म्हणाली, "लाल दिवा चालू नाही ना? नाहीतर कागद खराब व्हायचे." मी समजले की हा टोमणा आहे, घर काळोखं ठेवते म्हणून, कोंडून घेऊन बसते म्हणून. मीही सोडणारी नाही. म्हणाले, "चालू आहे. नंतर ये." ती मान हलवून वळली आणि गेली, ताटली हातात तशीच. त्यानंतर ती आली नाही, आणि मी ठरवून टाकलं की बाईसाहेब रुसल्या आहेत. रुसेनात का.

तिसरी चिठ्ठी दोन ओळींची झाली. 'उद्या सकाळी सहाला प्लंबर वर येईल. दार उघडावे.' हलगर्जीपणा लिहायचा राहूनच गेला. प्लंबर म्हणजे हॉस्पिटलातली कामं करणारा पोक्त माणूस, तोंड सतत चालू असणारा. तो आला, पिशवी सिंकमधे ठेवली, डागाकडे बघून हळहळला. सहा वाजून दहा मिनिटांनी पहिला थेंब पडला, तसा खूश झाला. "आता बघा, रंगेहाथ पकडतो," म्हणाला आणि पान्हा इथेच विसरून वर गेला. मी खाली बादली लावून उभी राहिले. जिन्यावर त्याची पावलं, दार उघडल्याचा आवाज, दादाचं काहीतरी पुटपुटणं. काय बोलायचं ते मी तयार ठेवलं होतं. पाइप फुटलेला निघणार, दादा 'बघतो' म्हणणार, आणि मग प्लंबरच्या देखत मी जिन्याच्या तळाशी उभी राहून, पायरीवर पाय न ठेवता, सहा वर्षांचं सगळं एकदम ऐकवणार. भांडणाची अशी जय्यत तयारी मी परीक्षेचीही कधी केली नव्हती.

प्लंबर दहा मिनिटांनी खाली आला तो पँट पोटऱ्यांपर्यंत भिजलेला.

"ताई, पाइप ठणठणीत आहे. जॉइंट पण कोरडे."

"मग हे काय आकाशातून पडतंय?"

"गळती नाही ही, सांडलेलं पाणी आहे. वरची बादली भरून वाहतेय. जाळीतून जाईना एवढं पाणी, मग फरशीच्या सांध्यांतून तुमच्याकडे."

"म्हणजे नळ उघडा टाकून हा माणूस झोपा काढतो?"

"साहेब जागे आहेत हो. फडकं घेऊन पुसतायत बिचारे." त्याने पँटचा ओला पायचा पिळला. "आजी बसल्यात नळापाशी, स्टुलावर. मी म्हटलं, आजी, बंद करतो. तर त्यांनी माझा हात धरला. केवढी ताकद हो हातात. म्हणाल्या, थांब, अजून खालून ठोका आला नाही."

"काय म्हणाल्या?"

"ठोका. मला काही कळलं नाही. साहेब म्हणाले, राहू द्या, जबरदस्तीने बंद केला तर दिवसभर जेवत नाही, पाणी अडलंय म्हणते. थकली की आपणच उठते. रोजचंच म्हणे. चार-पाच महिने झाले."

थेंब बादलीत पडत होते. इतके दिवस मी ते ऐकत होते आणि प्रत्येक थेंबागणिक दादाचं नाव घेत होते. आता तो राग कुठे ठेवावा ते कळेना, तो हातात तसाच गरम राहिला. दादावर ठेवावा तर तो वर फरशी पुसत होता. आईवर ठेवावा तर आई तिथे नव्हतीच, ती कुठल्या तरी पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या सकाळी नळ उघडून बसली होती आणि खाली डार्करूममधे असलेल्या एका मुलीची वाट पाहत होती. ती मुलगी कोण ते मला माहीत होतं. ती रोज बरोबर सहाला इथेच उभी असायची, पाइपापासून हातभर अंतरावर, कोटाला इस्त्री करत. एक ठोका. एवढंच काम होतं. एका चमच्याचं काम. आणि मी चिठ्ठ्या लिहीत बसले होते. लाल दिवा चालू नाही ना, तिने मला विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. आणि मी चालू आहे म्हणाले होते, नंतर ये म्हणाले होते. चार-पाच महिने एक म्हातारी बाई पाण्यात पाय सोडून बसते आणि मला ते चिठ्ठीत कळवता येत नाही? 'बघतोय' लिहिता येतं, 'आई' लिहिता येत नाही? पुन्हा तेच. पुन्हा माझ्या डोक्यावर काहीतरी संपत होतं आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पुन्हा, तेही खरंच, सगळं माझ्या समोर होतं आणि मी पट्टी वाचली नव्हती.

मी खणातून चमचा घेतला आणि पाइपावर वाजवला. आवाजच आला नाही, नुसतं ठप्प झालं. वीस वर्षांचे रंगाचे थर. पुन्हा वाजवला. वरच्या पाण्याचा आवाज चालूच. प्लंबर माझ्याकडे बघत होता, बघेना का. मी सिंकजवळचा त्याचा पान्हा उचलला आणि सगळा जोर लावून एक ठोका दिला. रंगाची खपली उडून गालाला लागली, आतलं काळं लोखंड दिसलं, आणि घरभर घणघणलं.

वरची धार थांबली. थेंब पडले, आणखी दोन, आणखी एक. मग शांतता. मी पान्हा धरून उभी होते, दात आवळून, काही ऐकू येऊ नये असंही वाटत होतं. आणि पाइपातून आले, दोन. हलके, बोटातल्या अंगठीने दिल्यासारखे.

जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. मी त्या कशा चढले ते मला माहीत नाही, पान्हा हातातच राहिला होता. दादा दारात उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पिळलेलं फडकं, केस पार पांढरे झालेले. हे केव्हा झाले?

"का सांगितलं नाहीस?" मी म्हणाले.

"म्हटलं तुला उगाच त्रास..."

"त्रासाचं नाव काढू नकोस. मला त्रास व्हायला नको म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझं काय करून ठेवलंय ते बघ."

"मी पण वाजवून पाहिला पाइप," तो म्हणाला. "इथूनच. ती हसते. म्हणते, हा वरचा आवाज आहे, मला फसवू नकोस."

"मग खाली यायचं होतंस."

"आलो होतो. दोनदा. तू दाराच्या भोकातून पाहिलंस आणि दिवा बंद केलास."

ते खरं होतं. मी त्याला बाजूला सारून आत गेले. बाथरूममधे आई स्टुलावर बसली होती, साडी पोटऱ्यांच्या वर खोचलेली, पावलं पाण्यात, तळवे पांढरे पडून सुरकुतलेले. किती लहान झाली होती. तिचा हात अजून नळावर होता. तिने मान वर केली आणि माझ्याकडे इतक्या सहज पाहिलं की मला त्याचाही राग आला.

"मने, आलं का पाणी?"

"आलं."

"आज फार वेळ लावलास गं. पाय गार पडले माझे." ती नळाला धरून उठायला लागली. मी दंडाला धरून तिला उभं केलं. तिने माझ्या हातातल्या पान्ह्याकडे पाहिलं, मग माझ्या गालाकडे, आणि बोटाने तिथली रंगाची खपली काढून टाकली. "जा आधी, बाबांना सांग पाणी आलं म्हणून. ताटकळले असतील. त्यांना काही कळवत नाही कुणी."

दादा दारातून माझ्याकडे बघत होता. आता ही काय बोलते, अशा नजरेने. खरं काय ते ताबडतोब कळलं पाहिजे, प्रत्येकाला, हे मी सहा वर्षं घसा फोडून सांगत आले होते.

"सांगते," मी म्हणाले, आणि त्याच्या हातातलं फडकं ओढून घेऊन फरशी पुसायला बसले.